मोरणीचे कान

चिखलदरा,
ता. ९ मे २००१

सौ. निता हिस,

बायकोला पत्र लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत आहे. मी लिहिले तर तू ते परतीच्या टपालानं धाडशील, म्हणून नुसता रामराम. मामांचा खोकला कसा आहे? तांड्याच्या विहिरीला पाणी टिकलंय का? अक्षर वाकडं आलंय, त्याला हसू नकोस.

इथं सध्या गर्दी फार. खाली अकोला-अमरावती तापली की माणसं लेकराबाळांसह वर येतात आणि घोड्यावर बसल्याशिवाय खाली जात नाहीत. बाप स्वतः बसायला भितो आणि पोराला म्हणतो, घाबरू नको. आया विचारतात, "भैया, काटता तो नहीं?" मी सांगतो, "नहीं मॅडम, शाकाहारी है." मागं एक आजी बसल्या, त्या उतरायलाच तयार नाहीत. सून म्हणाली, "आई, बस झालं आता." आजी म्हणाल्या, "तुझं झालं असंल. माझं आत्ता कुठं सुरू झालंय." तुझं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं.

तुझी घोडी मोरणी बरी आहे. बरी म्हणजे चारा खाते, पाणी पिते. मी ज्याच्याकडं कामाला आहे तो घोडेतळाचा मालक गुलाबचंद तिच्यावर खूश होता. 'होता' लिहून गेलो. आता खोडत नाही.

तिला आणताना मी तिचा सगळा साज तुझ्या अंगणात उतरवून ठेवला होता. घुंगरं, आरशांची झूल, कपाळावरचा तुरा. साज उतरला की घोडी वरातीतला नाच विसरेल असं मला वाटलं. तू दारातून म्हणालीस, "साज अंगावर असतो व्हय? तिच्या कानात हाय त्यो. हलगी वाजली की थांबवायला मीच लागंन तुला." मी म्हणालो, मग चल माझ्यासोबत. तू म्हणालीस, बाप आजारी आहे, मी येत नाही. शब्दानं शब्द वाढला आणि तू तिची दोरी माझ्या हातात कोंबलीस. "ने. पण परत तोंड दाखवू नको." घोडी मामांनी, तुझ्या बापानं, तुला आंदण दिलेली. नेऊ नको म्हणाली असतीस तर नेली नसती, हे तुलाही ठाऊक आहे.

आता रविवारचं सांगतो.

नागपूरचं एक कुटुंब होतं. त्यांची सात-आठ वर्षांची पोरगी मोरणीवर बसली होती. आम्ही कड्याकडेच्या वाटेनं चाललो होतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण, तेही जागोजागी लोळलेलं. वरच्या हॉटेलात कुठल्या तरी कंपनीची माणसं उतरली होती, त्यांनी ढोल-ताशा आणला होता. पहिली थाप पडली आणि मोरणीचे कान उभे राहिले.

मामांनी शिकवलंय तशीच नाचली. पुढचे पाय उचलले, डावा, उजवा, मग जागच्या जागी गिरकी. वरातीत लोक रिंगण करून जागा देतात. इथं रिंगणाचा अर्धा भाग दरीत होता. मागच्या खुराखालचे दगड घरंगळत गेले. दोरी हाताला गुंडाळून मी जीव खाऊन ओढली, तर ती आणखी ताठली. पोरगी "पप्पा" म्हणून किंचाळत होती आणि पप्पा कॅमेरा धरून थिजले होते.

नाचायला मामांनी शिकवलं, पण थांबायला तिला तूच शिकवलंस. वरात मांडवाशी आली की तू ओढणीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन पुढं व्हायचीस आणि ती नाच सोडून ओढणीत तोंड घालायची. दोरीनं ती कधी थांबलीच नव्हती.

पोरीची आई धावत आली. तिच्या खांद्यावर ओढणी होती. मी ओरडलो, "ताई, ओढणी पसरा! तिच्या तोंडाम्होरं!" तिला वाटलं, मी वेडा झालो. "पसरा म्हन्तो ना! दोन्ही हातानं धरा!" तिनं धरली. मोरणीनं उचललेला पाय तसाच खाली ठेवला आणि रिकाम्या ओढणीत तोंड घातलं. मी पोरीला खाली घेतलं. बापानं माझ्या कानाखाली वाजवली. त्याच्या जागी मी असतो तर मीही वाजवली असती.

मोरणी मात्र ओढणीचा कोपरा न् कोपरा हुंगत राहिली. डाळ नव्हती. तेव्हापासून रस्त्यानं ओढणीवाली कुणीही गेली की मान वळवते. मला बघवत नाही गं.

उजव्या हाताची दोन बोटं दोरीत मोडली. प्लास्टर आहे. हे डाव्या हातानं लिहून राहिलोय, म्हणून हसू नको म्हणालो.

गुलाबचंद म्हणतो, "बहिरी करू हिले. कानात औषध सोडणारा मानूस हाये आपल्याजवळ. मंग ढोल वाजो का तोफ, गाय होऊन जाईन." मी म्हणालो, घोडी माझी नाही, मालकीण दुसरी आहे. तो हसला. "मंग बलाव तुह्या मालकिनीले." तो माणूस उद्या दुपारी येणार आहे.

मी पहाटेच तिला घेऊन निघतोय. टेम्पोत चढवायला दोन हात लागतात, म्हणून पायी. अकोला, वाशिम, हिंगोली. लग्नसराई आहे, गावोगाव वराती. कानात कापूस घालून पाहिला, मान झटकून पाडते. आडरानानं, शेतांतून काढीन तिला कळमनुरीपर्यंत. पुढं आपल्या तांड्याजवळच्या बाळापूरपर्यंत ट्रकांचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना मांडव. तिथं हलगी वाजली तर एका हातानं मला ती आवरणार नाही. हे मला लिहायचं नव्हतं. चार पानं इकडचं तिकडचं लिहिलं ते याचसाठी.

तू म्हणाली होतीस तेच खरं झालं.

कळमनुरीला ये. येता बाजार सोडून त्याच्या पुढल्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी बैलबाजारापाशी असेन. डाळ भिजवून आण. तोंड दाखवू नको म्हणाली होतीस, तर मी घोडीच्या पलीकडच्या अंगानं चालेन, तुला दिसणारही नाही. तांडा आला की दोरी तुझ्या हातात देईन. पुढचं तू सांगशील तसं.

आलीस तर हातभर बांगड्या घालून, वाजवत ये. तिचे कान शाबूत आहेत. लांबून हाक मारलीस तरी तिला ऐकू येईल.

मलाही.

तुझी घोडी घेऊन येणारा,
सुदाम