दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ

५ जुलै १९९९, जळगाव
धुळ्याहून सकाळच्या एसटीने आलो आणि दुपारपर्यंत टेबल-खुर्चीही मिळाली! घर सोडावं लागलेल्या बायकांना आसरा देणारी ही संस्था मंदाअक्का चालवतात. माझं काम वेबसाइट बनवायचं. अक्कांनी केळीचे वेफर्स पुढे केले आणि मला थेट ‘इंजिनिअरसाहेब’ करून टाकलं. मी कसला साहेब, सहा महिन्यांच्या क्लासवाला. पण छाती फुगली खरी.

९ जुलै
साइट सुरू! साइटच्या पत्त्याच्या शेवटी फाइलचं नाव आलं, की माझा प्रोग्राम ती उघडून दाखवतो. आलेलं नाव तपासायचं राहिलं; अक्कांना उद्घाटनाची घाई, मला शाबासकीची. धुळ्याच्या शाखेलाही वाचता याव्यात म्हणून बायकांच्या नोंदी मीच टाइप करून त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

१४ जुलै
सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय उघडलं ते टिपणाऱ्या यादीत, कुणीतरी फाइलच्या नावाआधी दोन टिंबं आणि तिरपी रेघ दिलेली दिसली. म्हणजे एक फोल्डर वर जा. प्रोग्राम निमूट गेला आणि शेजारचं फोल्डर उघडं पडलं. कान तापले. मागितलेल्या फाइलचा पूर्ण मार्ग काढून तो साइटच्याच फोल्डरात राहतो का, हे पाहायला हवं होतं. मी फक्त ती टिंबं-रेघ खोडणारी ओळ प्रोग्रामात घातली. संध्याकाळी अक्कांनी विचारलं, “बठ्ठा कागदं कुलूपमा शेतस ना?”
हो, सगळे कागद कुलपात आहेत, असं मी म्हणालो.

१६ जुलै
तो परत आला. आता टिंबंही दुप्पट, रेघाही दुप्पट. माझी ओळ मधली जोडी खोडते, उरलेली जुळून पुन्हा तीच होतात. मूर्ख मी! त्याने एकच फाइल नेली — कुंदाबाईची. नवऱ्याने अंगावर रॉकेल ओतलेली कुंदाबाई. ती जिथे लपून राहते, तो तिच्या मावशीचा पिंपळनेरचा पत्ता त्यात आहे.

१७ जुलै, सकाळ
नोंदी काढून टाकल्या. आता काय उपयोग — अक्कांना सांगायला दोनदा दारापर्यंत गेलो. त्यांनी चहा दिला. प्यायलो. माझ्या लाजेपायी एका बाईचा जीव —

दुपार
सांगितलं. अक्का रागावल्या नाहीत. पिंपळनेरला फोन लावला. मावशी म्हणाली, संस्थेचा माणूस आलाय — कुंदाची सगळी माहिती होती त्याच्याकडे — ती शेतात, मावशीनेच वाट दाखवली — नाव धनसिंग सांगितलं.
धनसिंग मी, आणि मी तर इथे. फाइलीखाली टाइप करणाऱ्याचं नाव असतं —
मावशीचे शेजारी शेताकडे धावलेत. अक्का फोन कानाला धरून. पलीकडे फोनवर कुणीतरी आलं. अक्का माझ्याकडे बघताहेत, त्या —