कम्प्युटरचं बटन चालूच राहू द्या

बाबूजी,

राजेगावहून आल्या आल्या हे वाचा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून चिठ्ठी बटनांच्या बोर्डावरच चिकटवली. कम्प्युटरचं बटन बंद करू नका.

परवा तुम्ही म्हणले, आईचा आवाज आता ध्यानात येत नाही. म्हणून आज तिच्या जुन्या फोनातल्या रेकॉर्डिंग काढल्या. त्या निघाल्या अन् फोन कायमचाच गेला. आता त्या फक्त कम्प्युटरच्या टेम्प फोल्डरात आहेत. काल मी लिनक्स अपग्रेड केलं, तवापासून ते फोल्डर डिस्कवर नाही, मेमरीत राहते. मशीन बंद झाली का सारं पुसलं जाते. डिस्कवर कॉपी करून पाह्यलं, तर डिस्क काही लिहूनच घेऊन नाही राह्यली. नेट बी बंद आहे. पेनड्राइव्ह आणायले बजारात चालली.

लाईन गेली तर पंखा लावू नका, इन्व्हर्टर पुरला पाहिजे. गरमी झाली तर अंगणात बसा. भात कुकरात आहे, वरण गरम करून घ्या.

आई गेल्यापासून तुम्ही तिच्यासारखेच एकेक बटन बंद करत फिरता, मले दिसते. म्हणून भेव वाटते.

एकच रेकॉर्डिंग लावून पाह्यली. त्यात ती दारातून विचारते, "अहो, सारे बटन बंद केले का?" तुम्ही मांगून म्हणता, "हौ."

आज एक दिवस तिले हौ म्हणू नका.

मयुरी