घरगाडीची दुसरी सही

१९ जून, बुधवार, दुपार

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहावे लागत नाहीत. मी बरी आहे. गुडघे होते तिथेच आहेत. तुझे बाबा बरे आहेत. ताई आणि जावई कामावर गेलेत. पत्र ताईची लेक लिहिते आहे, अक्षरावरून ओळखलंच असशील. मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं आहे. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिहिणाऱ्याने फक्त लिहायचं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस, आणि बाबांचं नाव काढलं की ठेवून देतोस. कागद मध्येच ठेवून देता येतो, पण तो पुन्हा उचलावासा वाटतो.

तर बातमी अशी, की आपण घरगाडी विकतोय, आतल्या बिछान्या-कपाटासकट.

दचकू नकोस. नऊ वर्षं झाली घेऊन, आणि शेवटची पाच तर ती अंगणात उभी राहून नुसती ऊन खातेय. माणसाचं वय झालं की त्याला घरात ठेवतात, गाडीचं झालं की विकतात, एवढाच काय तो फरक.

विकणं सोपं असेल असं वाटलं होतं. दोन आठवडे मी आणि ही पोर घासतोय. कपाटातून तुझा एक मोजा निघाला. एकच. छताच्या सांध्यातून बिछान्यावर पाणी ठिबकायचं, ते मिस्त्रीकडून बुजवून घेतलं. आतल्या बटणांवरचे माझ्या नखपॉलिशचे ठिपके पोर पुसायला निघाली होती. एक ठिपका दिव्याचा, दोन पाण्याच्या पंपाचे. मी म्हटलं, राहू दे, घेणाऱ्याच्या घरीही एखादी अडाणी म्हातारी असेल.

जाहिरात तिनेच दिली. घराचा पत्ता घातला नाही, नंबरपाटी फोटोत झाकली. छत गळत होतं, आता दुरुस्त केलंय, तेही लिहायला लावलं मी. जावई म्हणाले, कशाला सांगता, भाव पडेल. म्हटलं, झाकून विकलेली वस्तू माणसासारखी चालत परत येते. शेवटी पोरीने लिहिलं, ‘गाडी आहे त्या स्थितीत मिळेल.’ मला ते फार आवडलं. माझ्या लग्नाच्या वेळी कुणी असं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला फोन आला तो मधात बुडवलेला. गाडी बघायची गरज नाही म्हणाला. मागितलंय त्याहून जास्तीचा चेक पाठवतो, वरचे तेवढे माझ्या गाडी नेणाऱ्या माणसाला देऊन टाका. पोर नाचायला लागली. मी विचारलं, मुलगी न बघता दागिने धाडणारा नवरा कधी पाहिलास का गं? फोन ठेवायला लावला. बँकेतल्या बाईंनी नंतर सांगितलं, असे चेक आठवड्याने खोटे निघतात आणि वरचे पैसे आपल्या खिशातून गेलेले असतात.

त्यांनीच शिकवलं, गिऱ्हाईकाला घरी बोलवू नका, दिवसाउजेडी बँकेसमोरच्या मोकळ्या जागेत दाखवा, पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी आणि कागद द्यायचे नाहीत. तसंच केलं, गाडी तेवढी जावई तिथे लावून जायचे. दुसरं गिऱ्हाईक नवरा-बायको. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीच्या आतल्या जमिनीला टोचत हिंडला, जणू वांगी शिजलीत का बघतोय. चालवून बघतो म्हणाला, एकटाच. मी विणकाम घेऊन शेजारी जाऊन बसले. ‘आजी, तुम्ही कशाला?’ म्हटलं, गाडीबरोबर मी फुकट आहे. वळणावळणाला भाव पाडत होता. परत आल्यावर मी खाली उतरले आणि नमस्कार केला.

दर वेळी बाबाही बरोबर असायचे. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही.

आता पोर लिहायची थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. लिही गं.

मगाशी बाबा बरे आहेत असं सांगितलं. शरीराने आहेत. गेल्या महिन्यात पाव आणायला म्हणून घरगाडी घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात. संध्याकाळी एका बंद कारखान्याच्या फाटकाशी सापडले, इंधन संपलेलं, हात स्टिअरिंगवर. पाव तेवढा होता मांडीवर. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. डॉक्टर म्हणाल्या, हे आत्ताचं नाही, चार-पाच वर्षांपासून हळूहळू चालू असणार. चाव्या मी पिठाच्या डब्यात लपवते, तर हे पांढऱ्या हातांनी समोर येऊन उभे राहतात. म्हणून विकतोय. ताई तुला केव्हाच कळवणार होती. मी कळवू दिलं नाही.

तिसरं गिऱ्हाईक मागच्या रविवारी आलं. वायरमन आहे, दाढीवाला, तुझ्याच वयाचा, बायको आणि लहान मुलगी बरोबर. मी त्याच्या बायकोला मागे छताचा सांधा दाखवत होते. चावी टेबलावर होती. पुढून यांचा आवाज आला.

‘आलास? किती उशीर केलास रे.’

मी वळून बघितलं. वायरमन दारात उभा, एक पाय आत. यांनी चावी उचलून त्याच्या हातात दिली. म्हणाले, ‘ये, तू चालव आता. त्या दिवशी रस्ता मीच चुकलो होतो. तुझं बरोबर होतं. तुला असं मध्येच उतरवायला नको होतं.’

धाकट्या, पाच वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते ऐकलं एका वायरमनने.

तो माझ्याकडे बघत राहिला. चावी घेऊन निघून गेला असता तर मी काय करणार होते? हातात विणायची सुई. पण तो यांच्या शेजारी बसला. म्हणाला, ‘असू द्या, बाबा.’ मग आम्हा सगळ्यांना घेऊन सावकाश एक फेरी मारली. हे खिडकीतून बघत होते, कितीतरी दिवसांनी इतके शांत. उतरल्यावर त्याने चावी माझ्या हातात ठेवली. ‘आजी, यांना मुलगा आहे ना?’ म्हटलं, आहे. ‘त्याला सांगा.’

चावी परत दिली म्हणून भावात सूट दिली असं समजू नकोस. अर्धा तास घासाघीस केली. भाव चांगला आला.

पण कागदावर मालक दोघं आहेत. घेताना निम्मे पैसे तू घातले होतेस. यांची सही ताईसमोर झाली, दुसरी तुझी लागते. तो शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढे त्याने दुसरी गाडी बघून ठेवलेली आहे. आणि शनिवारनंतरही ही अंगणातच राहिली तर एक दिवस हे पुन्हा पाव आणायला जातील. कारखान्याचं फाटक दर वेळी आडवं येईलच असं नाही.

कागद पोस्टाने पाठवता येतो म्हणे. पोरीने पाकीटही आणलंय. मी पाठवणार नाही. सही इथे येऊन कर.

काय मिळेल ते आधीच सांगते, झाकून ठेवत नाही. परवा मी मुद्दाम तुझा विषय काढला. हे म्हणाले, ‘तो येऊन गेला की. मिटलं आमचं.’ आणि चहा प्यायला लागले. त्यांच्यापुरतं मिटलंय. पुन्हा म्हणतील की नाही, सांगता येत नाही. तुला ओळखतील, हेही नाही. बाबा आहेत त्या स्थितीत मिळतील.

राहिलं माझं. त्या दिवशी तू म्हणालास, ‘बाबा, आपण फिरून फिरून इथेच येतोय, मला चालवू द्या.’ हे भडकले, पेट्रोलपंपावर गाडी थांबवली, उतर म्हणाले. उतरताना तू माझ्याकडे बघितलंस. मला पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून मी रस्ता खुणांनी लक्षात ठेवते, तुला माहीत आहे. तो निळ्या टाकीचा पंप होता, टाकीवर तुटकी शिडी. त्या दुपारी ती शिडी मी तीनदा पाहिली होती. तू उतरलास ती तिसरी खेप. मला माहीत होतं, तू खरं बोलतोयस. ट्रकवाल्याची बायको नवऱ्याला रस्ता चुकला म्हणत नाही, म्हणून मी खाली मान घालून टाके मोजत बसले.

पोर रडते आहे. कागद खराब होईल, म्हणून थांबते.

शनिवारी ये.

तुझी,
मागच्या सीटवर गप्प बसलेली,
आई