मुक्ताला हाक मारू नये

कै. सौ. सुभद्रा हीस,

लिहून देणार त्र्यंबक रामराव काळे, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी पास, सूतगिरणीचा निवृत्त मुकादम, राहणार चिकलठाणा. पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे.

तू गेलीस त्याला वर्ष झाले; पत्र आजच का, असे विचारशील. आपली नात मुक्ता डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी घेत नाही. हा मनाचा आजार आहे, औषधाने उतार पडेल, असे बाई म्हणतात. मुक्ता म्हणते, "आजी नको म्हणायलीय." तू स्वयंपाकघरात ओट्याखाली, सिलिंडरमागे बसून बोलतेस, असे तिचे म्हणणे आहे.

प्रथम मला बरे वाटले, हे नाकारीत नाही. भाजीत मीठ ठीक आहे काय, हे मी मुक्ताकरवी तुला विचारीत असे. ती मान वाकडी करून ऐके आणि तुझ्याच हेलात उत्तर देई. दवाखान्यात शेवटच्या दुपारी तू माझ्या कानाशी बोललेले वाक्य तिने एकदा जसेच्या तसे सांगितले. तेव्हा खोलीत तिसरे कोणी नव्हते. ते तिला कसे कळले, याचा उलगडा मला आजही नाही.

परंतु आता ती जेवत नाही. भातात काहीतरी कालवले आहे, असे तू सांगतेस म्हणे. दारी आलेल्या कोणालाही तू उपाशी जाऊ दिले नाहीस; मग सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडचा घास तू काढशील? ही तू नव्हेस, असे माझे ठाम मत आहे.

तिची मैत्रीण रुखसार, शेजारच्या शिंप्याची मुलगी, रोज येऊन बसते. आवाज आला की मुक्ता तिचे मनगट दाबते. रुखसार वाद घालत नाही; स्वतःला काय ऐकू येते तेवढेच सांगते. "मला कुकर ऐकू यायलाय. वरून विमान चाललंय. बस, अजून काय नाय." मग मुक्ताचा श्वास संथ होतो.

पत्राची कल्पना रुखसारचीच. "आबा, आजीला मना करणारे घरात तुम्हीच."

"जिवंतपणी तिने माझे एक ऐकले नाही."

"तवा तोंडी सांगितलं असंल. आता लेखी द्या."

म्हणून भर दुपारी, दोघींना समोर बसवून, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचीत लिहीत आहे. सुभद्रा, तू असलीस तर ही सक्त ताकीद समज: मुक्ताला हाक मारू नये. बोलायचे ते माझ्याशी बोल. वर्षभर मी कान देऊन आहे. माझ्याशी का बोलत नाहीस?

येथवर वाचले तोच मुक्ता ओट्याखाली पाहत म्हणाली, "आबा, आजी विचारायलीय, सही कुठं करू?"

रुखसारने मनगट पुढे केले. "मला आबांचा पेन थांबलेला ऐकू आला. बाकी काय नाय. गोळी गीळ."

मुक्ता माझ्याकडे पाहू लागली. "आबा, तुम्हाला?"

मला काही ऐकू आले नाही, असे मी सांगितले. ते सांगणे किती जड गेले, हे तुलाच ठाऊक. मुक्ताने गोळी घेतली.

आता माझा शब्द. यापुढे मुक्ताच्या तोंडून तुला काही विचारणार नाही. ओट्याखालून मला कधी काही ऐकू आलेच, तर ते घरात कोणाला सांगणार नाही, आणि ओ देणार नाही.

तुझा,
त्र्यंबक रामराव काळे

समक्ष हजर साक्षीदार: नात मुक्ता, तिची मैत्रीण रुखसार.
आणखी कोणाच्या सहीसाठी जागा सोडलेली नाही.