गॅलरी घरात घ्यायची की नाही

तावडे चाळ, लालबाग
९ फेब्रुवारी २०२५

चि. शंतनुस सुभद्रामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर बोलायला लागले की तुझे काका पेपर तोंडापुढे धरून कान इकडे लावतात, आणि तक्रार त्यांच्याबद्दलच आहे.

आपली चाळ पाडून नवी इमारत होणार, हे तुला ठाऊक आहे. तिचा नकाशा परवाच्या सभेत लावला होता. समोरची गॅलरी बंद करून ज्याच्या त्याच्या घरात घेणार, म्हणजे खोली मोठी आणि शिवाय दार असलेलं वेगळं स्वयंपाकघर. सगळे खूश. मी विचारलं, मग वारा कुठून येणार? आपल्याकडे सकाळी उघडलेलं दार झोपेपर्यंत उघडं असतं, म्हणून समोरून आलेला वारा मागच्या खिडकीने जातो. नव्या घरात गॅलरी नाही, दार बंद, आणि मागे शेजारच्या टॉवरची भिंत. आपला सेक्रेटरी राकेश हसून म्हणाला, मावशी, एसी लावा. मेल्याच्या जिभेला हाडच नाही.

तुझ्या काकांच्या छातीत गिरणीचा कापूस बसलाय. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात तेव्हा कुठे श्वास पुरतो, आत बसले की छाती भात्यासारखी वाजते. आणि गॅलरी बंद करायला पहिला हात कोणाचा वर, तर ह्यांचा. चाळीत एक भाडेपावती म्हणजे एक मत, आणि पावती ह्यांच्या नावावर. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तेव्हापासून मी ताट वाढते, पण बोलत नाही.

शेजारच्या सीमाने नकाशाचा फोटो तुला पाठवलाय. तू आर्किटेक्ट आहेस, नीट बघ आणि मी वेडी की शहाणी ते कळव. रुचाला म्हणावं, सूनबाई, कुळथाची पिठी पाठवतेय, नवऱ्याला सगळी देऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे,
तुझी सुभद्रामावशी

नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तू शहाणी आहेस. हे वाक्य काकांना दाखवू नकोस, मला त्यांच्याकडेही जेवायला यायचंय.

नकाशा पाहिला. गच्चीवर सोलर आहे, पावसाचं पाणी साठवायची टाकी आहे, यादी झकास आहे. पण आतल्या खोलीची खिडकी उघडते ती एका अरुंद डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या बोळकांडीत. तिथे वारा नाही आणि भर दुपारी दिवा लावावा लागेल. अशा इमारतीला पर्यावरणपूरक म्हणायचं म्हणजे उपास धरून दिवसभर साबुदाणावडे हाणायचे. पालिकेत चौकशी केली, तर तिथल्या अधिकारी बाईंनी नेमका याच खोलीवर शेरा मारलाय. त्यांनी दोन वाटा दिल्यात. एकतर हवा खेळवायला मशीन बसवा, जे दिवसरात्र चालू ठेवावं लागेल, नाहीतर गॅलरी उघडी ठेवा. कोणती वाट धरायची ते रहिवाशांच्या सभेने ठरवून कळवायचंय.

उघड्या गॅलरीचा नकाशा मी काढून राकेशला पाठवला, तुलाही सोबत जोडलाय. जागा तेवढीच आहे, त्यामुळे वेगळं स्वयंपाकघर मात्र जातं. ओटा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात येईल, आत्ता आहे तसाच. चालेल ना तुला?

आणि मावशी, अबोला सोड. काकांनी हात का वर केला, ते त्यांना विचारलंस तरी का? रुचा पिठीची वाट पाहतेय. तुम्हा दोघांच्या तब्येतीची काळजी वाटते, आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
शंतनु

लालबाग
२३ फेब्रुवारी २०२५

चि. शंतनुस आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. पण घरात बोलूक गेलो की भांडण, म्हणून लिहितो.

तुझा नकाशा पाहिला. काम चांगलं आहे. तरी मी सभेत त्याच्या बाजूने हात वर करणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी मावशी लग्न होऊन या खोलीत आली तेव्हा माझी आई, दोन भाऊ आणि गावचे गिरणीवाले, सगळे इथेच होतो. मोरीला पडदा लावून ती साडी बदलायची. तुझी आजी, म्हणजे हिची आई, गेल्याचा निरोप आला तेव्हा पंगत बसली होती. ही भाकऱ्या थापत राहिली. रडायला कुठे जाणार? डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं.

माझा श्वास असा किती चालणार? पुढे त्या घरात तिलाच राहायचं आहे. दार लावून बसता येईल अशी एक खोली तिला मिळावी, मग ते स्वयंपाकघर का असेना, एवढंच माझं म्हणणं. तिला सांगू नकोस. ऐकणार तर नाहीच, वर मला दोन शिव्या जास्त पडतील.

असाच जीव लावून राहा.

धोंडूकाका

तावडे चाळ, लालबाग
१० मार्च २०२५

चि. शंतनुस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांनी तुला पत्र लिहिलं होतं, हे मला काल कळलं. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. ये तू, मग बघते.

काल सभा झाली. नेहमीसारखे पुरुष खाली चौकात आणि आम्ही बायका वर गॅलरीत. राकेशने तुझा नकाशा लावला, पालिकेचं पत्र वाचून दाखवलं. मशीन दिवसरात्र चालणार म्हटल्यावर पुष्कळ जण घुटमळले, पण वेगळं स्वयंपाकघरही कोणाला सोडवेना. मग राकेशने ह्यांना टोमणा मारला की काका, मावशी गॅलरी मागतात आणि तुम्ही बंद करा म्हणता, आधी घरात एकमत करा. लोक हसले.

हे उठले. म्हणाले, माझ्यासाठी गॅलरी ठेवू नका, मी आज आहे उद्या नाही. हिने सगळा जन्म चार माणसांच्या नजरेखाली काढला, हिला दार असलेली एक खोली द्या. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढं कधी बोलले नव्हते रे, आणि बोलले ते छाती वाजत असताना. मी तशीच जिना उतरून खाली गेले.

गॅलरी ठेवायला कोण कोण, असं राकेशने विचारल्यावर मी हात वर केला. तो म्हणाला, मावशी, पावती तुमच्या नावावर नाही. मी हात खाली घेतला नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्याला म्हणाले, पावती माझी असली तरी घर तिचं आहे, तिचा हात मोज. तेवढ्यावर सीमा खाली आली, तिच्यामागून बाकीच्याही आल्या. त्यांच्या नवऱ्यांनी काय म्हणायचं आता? गॅलरी उघडी राहणार. राकेशने तोंड वाकडं करून ठराव लिहिला आणि आज तो तुझ्या नकाशासकट पालिकेत गेला.

घरी आल्यावर हे म्हणाले, तुझं स्वयंपाकघर गेलं. मी म्हटलं, तुमच्यामागे दार लावून एकटीने रडायला खोली हवीय कोणाला, तुम्ही तेवढा श्वास घेत राहा. हे विळी ओढून कांदा चिरायला बसले, म्हणजे डोळे पुसले तरी कांद्यावर ढकलता येतं.

रुचाला घेऊन लवकर ये. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
सुभद्रामावशी