जुगाड म्हणाल तर याद राखा

।। श्री ।।

वडवणी,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजास, आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण मी दोन वाक्यं रागानं बोलले की तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यापासून माझ्या वर्कशॉपसमोर लोक भंगार घेऊन उभे राहायला लागलेत. एकानं जुना कूलर आणला. त्याच्या मोटरवर कडबाकुट्टी बसवून द्या म्हणाला. दुसऱ्यानं मोडकी शिलाई मशीन आणली आणि तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाला. मला वाटलं, गावाला येड लागलं. शेवटी शेजारच्या हार्डवेअरवाल्या आप्पारावांनी मोबाईल पुढं केला. ताई, लई भारी जुगाड हाय तुमचा, सगळा जिल्हा बघायलाय, म्हणे. व्हिडिओ होता, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: बीडच्या आत्यानं भंगारातून बनवले स्पर्धेच्या सायकलचे पार्ट, देशी जुगाड बघाच. खाली तू आणि तुझी सायकल. मी पुढं बघितलंच नाही, मोबाईल त्यांच्या काउंटरवर ठेवून परत आले.

भंगार? तुला पुढच्या क्रँकवर, पायडलच्या दांड्याशी, बसणारं फ्रीव्हील हवं होतं, बाजारातल्यापेक्षा हलकं आणि पायडल दाबताक्षणी चाक धरणारं. तुमच्या त्या ट्रायल्सच्या सायकलला बसायला सीट नाही, पाय जमिनीला लागला की गुण गेला. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सायकलसकट उडी मारायची, तेव्हा पायडल बोटभर जरी रिकामं फिरलं तरी पोरगी खाली. एवढं समजून घेऊन मी फ्रीव्हीलमधली कुत्री तिनाची सहा केली. (कुत्री म्हणजे आतल्या दातांत अडकणारे खटके. हॉस्टेलच्या मैत्रिणींना वाचून दाखवशील तर एवढं सांग.) तीन कुत्री दातात बसतात तेव्हा उरलेली तीन अर्ध्या दातावर तयार असतात, म्हणजे चाक दुप्पट लवकर धरतं. हे आधी कागदावर काढलं, मग पुठ्ठ्यात कापून फिरवून बघितलं, मग मिलिंग मशीनला लावलं. पोलाद नवं आणलं. ते कडक करून घ्यायला एसटीनं वाळूजपर्यंत गेले. मागचं दातेरी चक्र ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून काढलं आणि सराफाच्या काट्यावर तोललं. सराफ म्हणाला, ताई, एवढं झिजवता कावून? यात भंगार कुठं आलं ते मला कळव.

तू हलका पार्ट मागितलास तेव्हाच तुझे वडील हसले होते, आपल्या घरात कुणी हलकं काम केलं नाही म्हणून. आता तोच रामकिसनदादा धारूरच्या डोंगरात मेंढरांमागं फिरताना भेटेल त्याला सांगत सुटलाय की बहिणीनं हलकं काम केलं आणि नाव काढलं. मी चिडले तर म्हणतो, नाव झालं की तुजं, चिडतीस कावून.

निवड चाचणीसाठी तुला दुसरा सेट हवा होता, आणखी हलका. तो अर्धा झाला आहे आणि अर्धाच राहील. त्या व्हिडिओवाल्या पोरांना भंगार कुणी सांगितलं, याचं उत्तर आधी पाठव.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबला आहे. तो वर काढायचा की नाही हे तुझ्या उत्तरावर.

तुझी,
उज्ज्वला आत्या

---

पुणे,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्यास, ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. म्हणजे दुपारी जेवले नाही, रात्री जेवले. तू माझ्यावर चिडलीस याचा मलाही राग आलाय, आणि तो रेंज न जाता सांगते.

भंगार हा शब्द माझा नाही. ती पोरं आमच्या सरावाच्या जागी आली, सायकल बघितली, पार्ट कुणी बनवले विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की माझी आत्या आयटीआय केलेली टर्नर आहे, वडवणीला तिचं स्वतःचं वर्कशॉप आहे. यातलं एक अक्षर त्यांनी ठेवलं नाही. आत्या आणि वडवणी एवढं ऐकलं आणि बाकीचं त्यांच्या डोक्यात आधीच तयार होतं. पुण्याच्या पोरानं हेच केलं असतं तर संशोधन म्हणाले असते. आपण केलं की भंगार.

पण त्याहून वाईट पुढं झालंय. निवड चाचणी १४ डिसेंबरला, पुण्याबाहेरच्या जुन्या दगडखाणीत आहे. वर्षातून एकदाच होते, आणि तिच्यातूनच राष्ट्रीय स्पर्धेला दोन मुली जातात. काल आयोजकांचा आमच्या कोच सरांना फोन आला की तो व्हिडिओ त्यांनी पाहिला आहे, घरगुती पार्ट लावून कुणाला दगडावर चढू देता येणार नाही, फुटलं तर जबाबदार कोण. सर म्हणाले, कंपनीचं फ्रीव्हील लाव आणि विषय संपव. कंपनीचं तरी कुठं कुणी तपासलेलं असतं? त्यावर नाव छापलेलं असतं, एवढंच. गेल्या वर्षी तसलंच एक माझ्या पायाखाली सरकलं आणि गुडघा फुटला, तेव्हा जबाबदार कोण हे कुणी विचारलं नाही.

आत्या, दुसरा सेट पाठव. मी तोच लावून जाणार आणि त्यांना उघडून दाखवणार. तुझ्या फ्रीव्हीलवर मी सहा महिने उड्या मारते आहे, एकदाही सरकलं नाही. पायाखाली ते कट् करून धरतं तेव्हा मला भीती वाटत नाही. हे पैसे देऊन मिळत नाही.

मामांना नमस्कार. तुझा राग खाली गेला की माया वर येऊ दे, मी वाट बघते.

तुझी,
ऋतुजा

---

।। श्री ।।

वडवणी,
दि. २७ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजास, आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझा ऊर भरून आला होता. पोरगी आपल्या बाजूनं भांडते आहे असं वाटलं. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, आता तरी तो व्हिडिओ नीट बघ, पोरगी काय छान बोलली असेल. म्हणून काल चहा घेता घेता दोघांनी शेवटपर्यंत बघितला.

भंगार हा शब्द तू उच्चारला नाहीस, खरं लिहिलंस. पण तो पोरगा विचारतो, मग हा आत्याचा जुगाड म्हणायचा का, आणि तू हसतेस. नुसती हसत नाहीस. हो, एकदम देशी जुगाड, असं म्हणतेस आणि सायकलवर थाप मारतेस. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर निघून गेले. ते माझ्या बाजूनं कधी बोलत नाहीत, पण असे उठून जातात.

हे तू पत्रात लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर मी एवढी चिडले नसते.

तुला वाटेल, एका शब्दावरून आत्या किती ताणते. तर ऐक. जुगाड म्हणजे आजचा दिवस भागवणं. तारेनं बांधलेलं, उद्या सुटणारं. मी लेथवर उभी राहिले तेव्हापासून लोक माझ्या कामाला हेच म्हणत आले, वेगवेगळ्या शब्दांत. बाईनं केलंय, चाललं तेवढं चालवा. थ्रेशरचा शाफ्ट माझ्याकडून करून नेतात, तो वर्षानुवर्षं चालतो, आणि तरी दुसऱ्या वर्षी येऊन विचारतात की अजून टिकला कसा. परक्यांचं मी ऐकून घेते. तुझ्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

दुसरा सेट सोबत पाठवते आहे. तुझ्यासाठी पुरा केला असं समजू नकोस. अर्धं काम मशीनवर बघवत नव्हतं, म्हणून पुरा केला. दातांच्या मुळाशी मी भोकं पाडली नाहीत, तू कितीही म्हण. तिथं मटेरियल लागतंच. वजन मी मधल्या अंगातून काढलं आहे. बसवताना आट्यांना ग्रीस लाव आणि हातानं पूर्ण बसेपर्यंत पान्याला शिवू नकोस.

चाचणी बघायला यायचं ठरवलं होतं, ते आता रद्द. तू आणि तुझं नशीब.

मायेचं काय, ती रक्ताची आहे, मी कापायला गेले तरी कापली जायची नाही.

आत्या

---

पुणे,
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्यास, ऋतुजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी तो शब्द म्हणाले. समोरचा हसला म्हणून मीही हसले, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले. तुला लिहायची लाज वाटली. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आता परवाचं ऐक. सकाळी तपासणीच्या टेबलाशी माझी सायकल नेली. तिथल्या साहेबांनी फ्रीव्हीलकडं बघितलं आणि विचारलं, हेच का ते? मी म्हणाले, उघडून बघा, सहा कुत्री आहेत, पोलाद कडक केलेलं आहे, मी पाना आणलाय. ते म्हणाले, उघडायची गरज नाही, व्हिडिओत तूच जुगाड म्हणालीस ना? आजूबाजूचे सगळे हसले. आत्या, माझाच शब्द त्यांनी माझ्यापुढं टाकला.

सरांनी कंपनीचं फ्रीव्हील आणलेलं होतं. पटकन बदल, अजून वेळ आहे, म्हणाले. मी पाना हातात घेतला, आणि ते काढायला माझा हात वळेना. एकदा तुझ्या कामाला तोंडानं हलकं केलं होतं, आता हातानं कसं करू. मी सायकल खांद्यावर टाकली आणि खाणीतून चालत बाहेर आले. सर मागून ओरडत होते. ज्या दोन मुली निवडल्या गेल्या, त्यांतली एक मधल्या मोठ्या दगडावर कधीच चढू शकलेली नाही, सरावातसुद्धा. मी तो दगड झोपेत चढेन.

मला रडू आलं, पण वाईट वाटत नाही. तुझा पार्ट मी उतरवला नाही. निदान आता तरी तू मला माफ करशील आणि पूर्वीसारखं लांबलचक लिहिशील, एवढीच आशा.

तुझ्या पायाशी,
ऋतुजा

---

।। श्री ।।

वडवणी,
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. ऋतुजास, आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लांबलचक हवं होतं ना, घे.

तुला वाटलं, हे वाचून आत्या शाबासकी देईल. अगं शहाणे, कुणी सांगितलं होतं तुला? मी पहिल्या पत्रापासून चिडलेली आहे, पण तुझं हे पत्र आल्यापासून जी चिडले आहे तशी आयुष्यात चिडले नव्हते. त्या साहेबावर चिडले, हसणाऱ्यांवर चिडले, आणि सगळ्यांत जास्त तुझ्यावर. मी ते फ्रीव्हील तू दगडावर चढावीस म्हणून केलं होतं. माझी इज्जत राखायला केलं नव्हतं. माझी इज्जत एवढी हलकी नाही की ती तुझ्या क्रँकवर टांगून ठेवावी लागेल.

कंपनीचं लावून चढली असतीस तर मी अख्ख्या बीड रोडवर पेढे वाटले असते. खोटं वाटत असेल तर मामांना विचार. चौदा तारखेला मी वर्कशॉप उघडलंच नाही. दिवसभर मोबाईल हातात धरून बसले होते, तू कळवशील म्हणून. येणार नाही असं मीच लिहिलं होतं, आणि त्याचा पस्तावा मला दिवसभर होत होता.

मी आयटीआयमधून पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा मालकानं पुरुषांना लेथ दिले आणि माझ्या हातात झाडू दिला, लोखंडाचा कीस गोळा करायला. अपमान वाटला. त्या दिवशी मी स्वाभिमान खांद्यावर टाकून घरी आले असते तर आज तुला फ्रीव्हील कुणी करून दिलं असतं? मी कीस झाडला, आणि जेवणाच्या सुट्टीत लेथ रिकामा मिळाला की त्यावर उभी राहिले. आपल्याला जिथं पोचायचंय तिथं पोचल्याशिवाय रुसायचं नसतं.

रामकिसनदादा परवा आला होता. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. फेट्याचं टोक चाळवत म्हणाला, पोरगी लहानपणी मेंढराच्या मागं कड्यावर चढायची तवा आपून तिला कवा खाली बोलावलं न्हाई, आता कावून उतरली? याचं उत्तर तू द्यायचं आहेस, मला नको, त्याला दे. घरी ये आणि तोंडानं दे.

आता मी काय केलं ते सांगते. तुझ्यासाठी केलेल्यांतलं पहिलं नीट जमलेलं फ्रीव्हील मी देवघरात ठेवलं होतं. काल ते खाली काढलं आणि मशीनवर मधोमध आडवं कापलं. कापताना मामा म्हणाले, अगं, चांगलं होतं ते. होतंच चांगलं, म्हणून तर कापलं. आता सहाच्या सहा कुत्री उघडी दिसतात, दात दिसतात, तीन बसलेली आणि तीन अर्ध्यावर थांबलेली डोळ्यांनी दिसतात. पाना लागत नाही, उघडायची गरज नाही म्हणायला जागा नाही. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं.

पुढच्या वर्षी चाचणीला मी येणार आहे. तुझ्याबरोबर तपासणीच्या टेबलाशी मी उभी राहणार, हे कापलेलं फ्रीव्हील साहेबांच्या हातात देणार, आणि कुणी जुगाड म्हणालं तर त्याला काय ऐकवायचं ते माझं मी बघेन. तू मध्ये बोलायचं नाहीस. आणि एवढं करूनही ते नाहीच म्हणाले, तर पाना घेऊन तुझ्या सायकलवरचं माझं फ्रीव्हील मी स्वतःच्या हातानं उतरवीन, सरांनी आणलेलं बसवीन, आट्यांना ग्रीस लावून घट्ट करीन, आणि खाली उभी राहून तुला त्या मोठ्या दगडावर चढताना बघेन.

राग आहे तसाच आहे, माया त्याच्याहून दुप्पट आहे. दोन्ही सांभाळून ठेव.

तुझीच,
उज्ज्वला आत्या