आतड्यातून आत्म्याकडे

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून नवा माणूस. चाळीस दिवसांचा कोर्स लावलाय, रोज फोनवर अर्धा तास. नाव 'आतड्यातून आत्म्याकडे'. अकरा वर्षं पित्त, जळजळ, गॅस, आंबट ढेकर. तीन डॉक्टर झाले, एकाचाही उपयोग नाही. कोर्सचे सर म्हणतात, पोट बिघडत नाही, माणूस बिघडतो. ही वही त्यांनीच सुरू करायला लावली. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही.
संकल्प : तिखट बंद. चहा बंद. ओरडणं बंद.

६.४०
चहा झाला. बायकोने सवयीने समोर आणून ठेवला, त्याला मी काय करणार? तिच्यावर ओरडलो. संकल्प उद्यापासून.

५ मार्च
सरांनी डोळे उघडले. म्हणाले, तुम्ही राग गिळता. गिळलेला राग पचत नाही, पोटात कुजतो आणि त्याचं ॲसिड होतं. शंभर टक्के पटलं. अकरा वर्षं मी गिळतोच आहे. खात्री करायला बायकोला विचारलं, मी राग गिळतो ना? ती म्हणाली, दूध उतू जातंय, आणि आत गेली. मुलगी कॉलेजात आहे आणि जीभ हातभर. तिने विचारलं, बाबा, तुम्ही गिळता? कधी?
होमवर्क : रोज दहा मिनिटं उशी बडवायची.

संध्याकाळी
उशी चौथ्या मिनिटाला फाटली. घरभर कापूस. उरलेली सहा मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून कपाट घेतलं. दार बिजागरीतून निखळून माझ्याच पायावर पडलं, तेव्हा त्याला आणखी चार लाथा घातल्या. दोन बोटं सुजली, अंगठ्याचं नख काळं पडलं, पण पोट कसं हलकं फूल! बायको कापूस गोळा करत होती. म्हटलं, बघ, हा सगळा माझ्या आतला राग. ती हो म्हणाली आणि गोणी आणायला गेली.

८ मार्च
कोर्सचा दुसरा टप्पा. नाव 'निचरा'. तुंबलेलं सगळं बाहेर सोडायचं.
योग चांगला होता. आमचं काचेचं दुकान आहे, खाली दुकान, वर घर. मी आणि मेव्हणा भागीदार. मी काचा कापतो, तो घरोघरी जाऊन बसवतो. आज त्याने चुकीचं माप आणलं. एरवी मी गिळलं असतं, म्हणजे नुसता ओरडलो असतो. आज निचरा केला. चार फुटी आरसा उचलला आणि भिंतीवर घातला. आवाज काय सुरेख! शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. मेव्हण्याच्या कानाला कपची लागली, रक्ताचा ओघळ कॉलरपर्यंत. भावोजी, डोकं फिरलंय का, म्हणाला. मी शांतपणे सांगितलं, डोकं नाही, पोट.
माप त्याचं बरोबर होतं. सेंटिमीटर होते, मी इंच वाचले. पण मुद्दा मापाचा नाही.

९ मार्च
एक भानगड लक्षात आली. माझं गुलाबी औषध फ्रीजवर असतं, जेवणानंतर दोन चमचे. कोर्स सुरू झाल्यापासून मी ते जवळजवळ सोडलंय. तरी बाटली अर्धी. कोणीतरी पितंय.
काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल वर आणली आणि बाटलीवर पातळीला रेघ मारली. आता कळेल.
बायको म्हणाली, तिलाही कधी कधी छातीखाली जळतं. म्हटलं, दुसऱ्याचं बघून होतं तसं. घरात एक पेशंट पुरे. ती बरं म्हणाली.

१२ मार्च
औषध रेघेच्या दोन बोटं खाली. नवी रेघ मारली. संशय मेव्हण्यावर. जेवायला वर तोच येतो. माझी प्रगती बघून त्याच्या पोटात दुखणं साहजिक आहे, आणि पोटात दुखलं की माणूस औषध पिणारच.
बायको रोज डोकेदुखीच्या दोन-दोन गोळ्या घेते. विचारलं, डोकं कशाने दुखतं? म्हणाली, आवाजाने. रस्त्यावर रहदारी फार वाढलीये हे खरं.

१५ मार्च
आज सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं होतं. जोड्या लावल्या. समोरच्याच्या डोळ्यांत दोन मिनिटं बघायचं आणि मनात येईल ते निर्मळपणे बोलायचं. माझ्या वाट्याला बँकेतला एक जाड्या आला. तो निर्मळपणे म्हणाला, तुमच्या तोंडाला वास येतो. मी निर्मळपणे त्याच्या नाकावर ठोसा दिला. पण तोही आमच्याच बॅचचा, त्याचाही निचरा राहिलेला. त्याने माझं डोकं बगलेत धरलं, मी त्याच्या दंडाला चावलो, त्याने मला खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेवर फेकलं. खुर्ची घडीची होती, ती माझ्यासकट मिटली. सर सोडवायला आले तर माझं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. पांढऱ्या सदऱ्यावर लाल थेंब.
सर नाकाला बर्फ लावून म्हणाले, राग बाहेर काढायचा म्हणजे बोलून काढायचा. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.
घरी आलो. बायकोने खांदा शेकून दिला. ती बारीक झालीये. माझ्या पथ्याचा तिला आयता फायदा.

१८ मार्च
चोर पकडला. पकडल्यासारखाच.
जेवणं झाल्यावर बाटली बघितली, औषध काल मारलेल्या तिसऱ्या रेघेच्याही खाली. मेव्हणा नुकताच जिना उतरला होता. गेलो खाली. सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी बोललो : चोरा. तो हसला. मग काच आखायची लाकडी पट्टी हाताला लागली, ती त्याच्या खांद्यावर घातली, दोन तुकडे झाले. त्याने माझी गचांडी धरून मुस्काटात ठेवून दिली. माझी एक दाढ हलली. मी त्याच्या पोटरीवर लाथ घातली, त्याने मला टेबलावर उताणं पाडलं, पाठीखाली काचेचा चुरा. न्हाव्याच्या दारात बघ्यांची गर्दी. दाढी करून घ्यायला आज कुणालाच घाई नव्हती.
तेवढ्यात बायको मध्ये पडली. मी तिला ढकललं नाही. ती मध्ये आली आणि काचा उभ्या करायच्या घोडीवर जाऊन आदळली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपर धरून उठली आणि म्हणाली, औषध त्याने नाही प्यायलं. म्हटलं, मग कोणी? तिने तोंड उघडलं, मिटलं. म्हणाली, सांडलं असेल.
भावाचीच बाजू घेणार.

२० मार्च
टप्पा तिसरा, 'क्षमा'. सर फोनवर नाकाला पट्टी लावून आले होते. म्हणाले, आता सगळ्यांच्या चुका पोटात घाला.
मी फोन आपटला. पडद्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. अडीच आठवडे पोटातून काढा, काढा, आणि आता परत पोटातच घाला? एकदा काय ते ठरवा!
मग शांत झालो आणि वही घेऊन बसलो. कुणाकुणाचं पोटात घालायचं आहे ते लिहून काढलं. मेव्हण्याचं एक पान भरलं. मुलीचं अर्धं. बायकोचं आठवेना. बराच वेळ पेन धरून बसलो. एकदा मीठ जास्त पडलं होतं, ते लिहिलं.
सहज तिला विचारलं, तू माझं किती पोटात घातलंस गं? ती हसायला लागली. कित्येक दिवसांत हसली नव्हती. पोट धरून हसली, वाकली, खालीच बसली. बराच वेळ उठली नाही. मलाही बरं वाटलं. घरात आनंद परत येतोय.

२३ मार्च
सूप गार. मी ताट फेकलं. ते तिच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर फुटलं. लागलं नाही. नेम चुकला नाही, मी तसाच धरला होता. याला संयम म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वीचा मी असतो तर काय झालं असतं कोण जाणे.
बावीस वर्षांत बायकोवर हात उचललेला नाही, इथे नोंदवून ठेवतो. मुलीला तसं सांगितलं तर म्हणाली, उचलायला तुमचे हात रिकामे असतात कधी? मी तिचं बोलणं पोटात घातलं. मग तिच्या खोलीच्या दारावर बुक्की मारली. दाराला भोक. हात अडकला, बायकोने तेल लावून सोडवला.

२७ मार्च
पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. घशातून नळी घालून आतलं चित्र बघतात. मी उत्सुक होतो. अकरा वर्षांचा आतला जाळ एकदाचा सगळ्यांना दिसणार. मेव्हण्याला दाखवायला फोटोची जास्तीची प्रत मागायचं ठरवलं होतं.
डॉक्टर म्हणाले, काही नाही. स्वच्छ आहे. असं पोट पंचविशीतल्या माणसाचंही नसतं.
फोटो बघितला. गुलाबी, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. इतका अपमान आयुष्यात झाला नव्हता. म्हटलं, फोटो दुसऱ्याचा असेल. ते म्हणाले, तुमचाच. मी टेबलावर मूठ आपटली, त्यांचा चष्मा खाली पडला, मी उचलायला वाकलो आणि माझाच बूट त्यावर पडला. ते रागावले नाहीत. आजारी माणसांची त्यांना सवय असणार. मी आजारी नाही, हेही तेच म्हणाले.
बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. फुटक्या चष्म्यातून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई, तुम्हाला बरं नाही का? मी सांगितलं, ती माझ्याबरोबर आलीये.

२९ मार्च, दुपारी ४
हॉस्पिटलचा बाक. वही खिशात होती म्हणून लिहितोय.
सकाळी ती ओट्याशी उभी होती. मी औषधाच्या नुकत्याच मारलेल्या चौथ्या रेघेवरून बोलत होतो. बोलत म्हणजे ओरडत. हातात बाटली होती. ती वळली, काहीतरी सांगणार होती आणि ओकली. कॉफीच्या गाळासारखं काळं. मग लाल. खूप. मी म्हणालो, अगं, फरशी. हे मी म्हणालो. खरं लिहायचं असं ठरलंय.
मेव्हण्याने तिला उचलून जिना उतरवला. माझ्या लाकडी पट्टीचा मार बसलेला त्याचा खांदा अजून नीट वर होत नाही, तरी उचललं. मी पुढे धावून दारं उघडत होतो.
तेच डॉक्टर. नवा चष्मा. म्हणाले, जठरात मोठा व्रण आहे, फुटला. उपाशीपोटी गोळ्या, जागरण, ताण. विचारलं, किती दिवस दुखत होतं? मी म्हटलं, तिला काही नव्हतं, दुखणं मला आहे. मुलगी म्हणाली, आठ वर्षं. तुमचं औषध चोरून प्यायची. तिने काही सांगितलं की तुम्ही म्हणायचात, घरात एक पेशंट पुरे.
मी नर्सवर ओरडलो. इतका वेळ का लागतोय, बोलवा मोठ्या माणसाला, अमुक तमुक. औषधांच्या ट्रॉलीला लाथ मारली, बाटल्या घरंगळल्या. तेव्हा मुलीने माझ्या कानाखाली मारली. एकच, पण पूर्ण हाताची. माझा हात वर गेला होता. तो तिथेच राहिला, मग खाली आला.
मी ती थप्पड गिळली. आयुष्यातली पहिलीच. बसून वाट बघतोय पोटात जळायला लागायची. काही होत नाहीये.
डॉक्टर तिला विचारून आले, नवऱ्याला आत पाठवू का. म्हणाले, तिने मान हलवली. मला वाटलं हो. ते म्हणाले, नाही. आज नको, उद्याही नको.

२ एप्रिल
ती बरी होतेय, म्हणजे तसं मुलीने सांगितलं. इथून सुटली की ती भावाकडे जाणार आहे. किती दिवस, ते मी विचारलं नाही.
मेव्हण्याच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, चूक पोटात घाल. तो म्हणाला, भावोजी, आमच्या घरातल्या एका पोटात मावलं नाही ते. दार लावलं, आपटलं नाही.
ओट्याखालची फरशी मी पुसली. चार दिवसांचं रक्त होतं, खरवडून काढावं लागलं. कपाटाचं दार परत बसवलं. वाकडंच बसलं. कोर्सचा मेसेज आलाय, उघडला नाही.
सूप केलं, गार झालं, तसंच प्यायलो. नंतर फ्रीजवरची बाटली काढून उजेडात धरली. औषध चौथ्या रेघेला टेकलेलं. चार दिवसांत एक थेंब कमी झालेला नाही.